शाळेत 'युरोपियन नागरिकत्व' शिकवतात, त्यात आपली मुलं कुठे उभी राहतात?

रानजाई, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते पण आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही जर्मनीत, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये. लेक आठवीत आहे, पुण्याहून आलो तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट भारताचे. कायमचा परवाना आहे, घर आहे, कर भरतो, पण नागरिकत्व घेतलेलं नाही कारण आईबाबा तिकडे, आणि निळा पासपोर्ट परत करायचा म्हटलं की नवऱ्याच्या पोटात गोळा येतो.

तर इथे शाळेत आपल्या नागरिकशास्त्रासारखा विषय असतो, आणि त्यात सध्या 'तुम्ही युरोपियन नागरिक आहात' असा धडा चालू आहे. बाईंनी काय केलं, वर्गात जमिनीवर चिकटपट्टी लावली, सगळे पट्टीमागे उभे, त्या एकेक हक्क वाचणार आणि ज्याला तो लागू आहे त्याने एक पाऊल पुढे. कोणालाही न विचारता लिस्बनला जाऊन नोकरी शोधता येते, एक पाऊल. सोळा पूर्ण झाले की युरोपियन संसदेसाठी मत, एक पाऊल. आपल्या देशाची वकिलात नसेल तिथे युरोपियन युनियनमधल्या दुसऱ्या देशाच्या वकिलातीत जाऊन मदत मागता येते, अजून एक पाऊल. सव्वीस मुलं. शेवटी पट्टीमागे पाच राहिली, आमचा हा, एक सर्बियन मुलगी, दोन सीरियन भाऊ आणि एक तुर्की मुलगा.

घरी आल्यावर रडला वगैरे नाही. जेवताना सहज म्हणाला, "आई, आंद्रेई पहिल्या रांगेत होता, २०२९ ला तो मत देणार आणि मी नाही. आणि त्याच्या निबंधातल्या चुका मी काढतो." आंद्रेई रोमानियाचा, दोन वर्षांपूर्वी आलाय, याचा जिगरी दोस्त.

मला कळेना यावर काय बोलावं. बाईंशी बोलू का? का मीच फार मनाला लावून घेतेय? तुमच्याकडे मुलांना हे कसं शिकवतात?

---

सदाशिव_पेठी, सोमवार रात्री

यात धक्का बसण्यासारखं काय आहे? कोळसा आणि पोलाद विकायला एकत्र आलेली सहा दुकानं, पुढे त्यांचा मॉल झाला, आता मॉलवाले पोरांना सांगतायत की तुम्ही मॉलचे नागरिक. शुद्ध प्रचार. नागरिक देशाचा असतो, बाजाराचा नाही. आणि मुलाला सांगा तू भारताचा नागरिक आहेस, विषय संपला.

---

मिसळ_हॉलंडात, मंगळवार सकाळी

पेठीकाका, आल्या आल्या मॉल? :)

रानजाई, मी नेदरलँड्समध्ये माध्यमिक शाळेत शिकवते, विषय भूगोल, पण 'बुर्खरस्खाप' म्हणजे नागरिकत्वाचे तास आमच्या सगळ्यांच्याच गळ्यात असतात. इथे २००६ पासून शाळांना ते कायद्याने बंधनकारक आहे आणि १ ऑगस्ट २०२१ पासून कायदा आणखी कडक झालाय. पण गंमत बघ, त्या कायद्याचा भर डच लोकशाहीवर. युरोप किती शिकवायचा, कसा शिकवायचा हे ज्या त्या देशानं ठरवायचं, ब्रुसेल्सला म्हणजे युनियनला अभ्यासक्रम लादताच येत नाही, करारातच तसं लिहिलंय. त्यामुळे काका म्हणतात तसा प्रचार करायचा म्हटला तरी एकच पुस्तक छापून सत्तावीस देशांत वाटता येणार नाही. तुमच्याकडे तर जर्मनीतल्या सोळा राज्यांचे सोळा अभ्यासक्रम.

आता मूळ मुद्दा. हे युरोपियन नागरिकत्व सदस्य देशांच्या मास्ट्रिख्टच्या करारानं आलं, सही फेब्रुवारी १९९२, अंमल १ नोव्हेंबर १९९३ पासून. आणि ते वेगळं मिळत नाही. त्याला अर्ज नाही, कचेरी नाही, परीक्षा नाही. सदस्य देशाचं नागरिकत्व असलं की हे आपोआप मागून येतं, ते गेलं की हेही गेलं. मी मुलांना सांगते की हे म्हणजे सोसायटीच्या क्लबहाउससारखं, फ्लॅट नावावर असेल तर क्लबहाउस मिळणार, नुसतं क्लबहाउस विकत मिळत नाही. माल्टानं पैसे घेऊन पासपोर्ट द्यायचा धंदा काढला होता, तो युरोपियन न्यायालयानं २०२५ च्या एप्रिलमध्ये बेकायदा ठरवला. वर्गात ही बातमी घेतली तेव्हा एक मुलगा म्हणाला, म्हणजे श्रीमंत माणसाला एका वर्षात आणि माझ्या बाबांना अकरा? त्या दिवशी पुढचा धडा झालाच नाही, झालाही नसता.

मी स्वतः तास कुठून सुरू करते तर नोटांपासून. युरोच्या नोटांवर जे पूल आहेत ते खरे नाहीतच, कुठल्याही एका देशाचा पूल नको म्हणून काल्पनिक काढले. मग रॉटरडॅमजवळच्या स्पाइकेनिसं गावानं काय केलं, तेच सात पूल खरोखर बांधले, नोटेवरच्या रंगात. मुलं जाम हसतात. मग विचारते की आधी चित्र आणि मग पूल असं आणखी काय काय झालंय? इथून नागरिकत्वावर येता येतं. हक्कांची यादी फळ्यावर लिहून पाठ करून घेतली तर आपल्या शाळेत इतिहासाच्या पुस्तकामागे चिकटवलेलं नागरिकशास्त्र होतं तसंच होणार, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं.

त्या चिकटपट्टीच्या खेळाबद्दल संध्याकाळी लिहिते, तास आहे आता.

---

लिफीकाठी, मंगळवार दुपारी

डब्लिनहून. आमच्याकडे ज्युनियर सायकलला, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या तीन वर्षांत, सीएसपीई म्हणून विषय असतो, नागरी-सामाजिक-राजकीय शिक्षण. मुलगी आत्ता त्यात आहे.

एक सांगतो, युनियनचा हक्क नसला म्हणजे सगळीच दारं बंद असं नाही, देशादेशात फरक आहे. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागतच नाही, इथे राहतोस ना, नाव नोंदव आणि मत दे. मी भारतीय पासपोर्टवर काउंटी कौन्सिलला मत दिलंय, उमेदवार दारात येऊन खड्ड्यांबद्दल बोलून गेला, अगदी आपल्या नगरसेवकासारखा. नेदरलँड्समध्येही पाच वर्षं कायदेशीर राहिलं की नगरपालिकेला मत देता येतं ना मिसळताई?

दुसरं. हे नागरिकत्व मागून येतं म्हणता ते किती लहरी असू शकतं बघा. इथे २००४ साली सार्वमत झालं आणि जन्मानं आपोआप नागरिकत्व मिळणं १ जानेवारी २००५ पासून बंद झालं. ओळखीतलं एक मराठी घर आहे, थोरला डिसेंबर २००४ चा, जन्मला तोच आयरिश, म्हणजे युरोपियन. धाकटी २००६ ची. तेव्हा आईबाबांचा तीन वर्षांचा रहिवास लागायचा आणि बाबांची विद्यार्थी व्हिसावरची वर्षं त्यात धरत नाहीत, सबब ती भारतीय. एक घर, एक डबा, एक शाळा. विमानतळावर भाऊ या रांगेत आणि बहीण त्या. पुढे तिलाही मिळालं, पण सात-आठ वर्षं ती रांग तिनं बघितली, तिला नागरिकत्व म्हणजे काय हे कुठल्या बाईंनी शिकवायची गरजच पडली नाही.

---

सदाशिव_पेठी, मंगळवार दुपारी

म्हणूनच म्हणतो, आपलं बरं. एक देश, एक नागरिकत्व. पुण्याचा माणूस बंगळुरात गेला की त्याला कोणी पट्टीमागे उभं करत नाही.

---

भूगोलवेडा, मंगळवार दुपारी

काका, तुलना चांगली आहे पण उलटी बाजूही बघा. पुण्याचा माणूस बंगळुरात राहायला गेला, यादीत नाव हलवलं की तिथल्या विधानसभेलाही मत देतो. फ्रेंच माणूस जर्मनीत वीस वर्षं राहिला तरी त्याला नगरपालिकेला आणि युरोपियन संसदेला मत आहे, बर्लिनच्या संसदेला नाही, राज्याच्या विधानसभेलाही नाही. म्हणजे पहिल्या रांगेतला तो आंद्रेईसुद्धा अर्ध्यातच थांबलेला आहे, बाईंनी अजून दोन प्रश्न विचारले असते तर तोही मागे राहिला असता.

अजून एक, तुमच्याकडे पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'भारत माझा देश आहे' असतं. यांच्याकडे प्रतिज्ञा नाही आणि राष्ट्रगीतासारखं जे गीत आहे त्याला अधिकृत शब्दच नाहीत, बेथोव्हेनची नुसती चाल. चोवीस अधिकृत भाषा, कोणत्या भाषेत म्हणणार?

---

सदाशिव_पेठी, मंगळवार दुपारी

बेळगावच्या माणसाला विचारा कोणत्या विधानसभेला मत द्यायला आवडेल.

---

संपादक_मंडळ, मंगळवार दुपारी

बेळगावसाठी वेगळे सात धागे आहेत. इथे विषयावर राहा.

---

बारदेसकर, मंगळवार रात्री

मी इंग्लंडातल्या स्विंडनहून लिहितोय, मूळ म्हापशाजवळचा. मराठी शाळेत शिकलो पण लिहायची सवय गेली आहे, चुका काढू नका, आमच्या घरात आंद्रेईच जास्त आहेत :D

रानजाई, तुमच्या मुलाची गोष्ट वाचली आणि आमची उलटी आठवली. माझे आजोबा १९३८ चे, बारदेशात जन्म, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज राज्यात. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्याचा जन्म लिस्बनच्या नोंदणी कचेरीत नोंदवला की तो पोर्तुगीज, मग त्याचा मुलगा, मग नातू. आमच्या वाड्यावरच्या निम्म्या घरांनी ते केलं. मी २००९ ला केलं. जुनी कागदं, चर्चच्या नोंदी, एजंट, दोन वर्षं गेली. भारतीय पासपोर्ट परत केला त्या दिवशी आई जेवली नाही.

आणि मग मी युरोपियन नागरिक झालो. पोर्तुगीज एक शब्द येत नव्हता, आजही 'ओब्रिगाद' सोडून काही येत नाही, लिस्बन पाहिलेलं नाही. थेट स्विंडन, वेअरहाउस, नाइट शिफ्ट. तुमच्या बाईंच्या खेळात मी धावत पहिल्या रांगेत गेलो असतो हो, आणि तुमचा पोरगा, जो तिथेच वाढला, तो पट्टीमागे.

आता ऐका खरी मजा. २०१६ चं ब्रेक्झिटचं सार्वमत. त्यात मत कोणाला? ब्रिटिश, आयरिश, आणि ब्रिटनमध्ये राहणारे कॉमनवेल्थचे नागरिक. म्हणजे माझा मावसभाऊ, भारतीय पासपोर्ट, वर्क परमिटवर, त्याला मत होतं. मी पोर्तुगीज, माझंच नागरिकत्व कामाचं राहणार की नाही यावर मतदान, आणि मला मत नाही. तो मला फोन करून विचारतो, सांग रे कोणाला देऊ. मी म्हटलं बाबा रे तुझ्या हातात आहे आमचं घर.

पुढे माहीत आहेच. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर. ब्रिटिश शेजाऱ्यांचं युरोपियन नागरिकत्व एका रात्रीत गेलं, आमचं राहिलं, पण ते इथे चालेना, म्हणून सेटल्ड स्टेटससाठी, म्हणजे इथे राहायच्या परवान्यासाठी, ३० जून २०२१ च्या आत अर्ज. माझी पोरं आज कागदावर युरोपियन आहेत आणि युनियनच्या बाहेर राहतात. इथे माध्यमिक शाळेत सिटिझनशिप हा विषय २००२ पासून आहे, पण पोरीच्या वहीत युरोप आला तो 'ब्रिटन पूर्वी सदस्य होता' एवढाच. तिनं बाईंना सांगितलं की मी आहे ना अजून, तर बाईंना पटेना. दुसऱ्या दिवशी पासपोर्ट दाखवायला न्यायचा म्हणत होती, मी नाही दिला, हरवला तर कोण जाणार लिस्बनला.

---

लिफीकाठी, मंगळवार रात्री

बारदेसकर, 'मावसभावाच्या हातात घर' हे वाचून हसावं का काय कळेना. त्यानं दिलं का शेवटी?

---

बारदेसकर, मंगळवार रात्री

दिलं म्हणतो. कोणाला ते अजून विचारलं नाही.

---

नेकरकाठ, बुधवार सकाळी

रानजाईताई, आम्ही तुमच्याच राज्यात. बायको जर्मन आहे आणि हाच विषय शिकवते, रात्री तिला धागा वाचून दाखवला (भाषांतर करताना 'पोटात गोळा' वर अडलो).

ती म्हणाली की चिकटपट्टीचा खेळ शिक्षकांमध्ये प्रसिद्ध आहे, वाईट नाही, पण त्यात मुलाला कार्ड द्यायचं असतं. म्हणजे 'तू आता पोर्तुगालची नर्स', 'तू सर्बियाचा ट्रक ड्रायव्हर', आणि त्या पात्राच्या जागी उभं राहून पावलं टाकायची. मुलानं स्वतःच्या पासपोर्टवर चालायचं नसतं, तेरा-चौदाच्या वयात सगळ्या वर्गासमोर तर नाहीच. बाईंनी कार्डं वाटली नाहीत ही चूक, हेतू खोटा नसणार.

इथल्या शिक्षकांना एक शिस्त शिकवतात, बॉयटेल्सबाख नावाच्या गावात १९७६ साली एक बैठक झाली होती तिच्यावरून नाव पडलंय. विद्यार्थ्यावर आपलं मत लादायचं नाही, समाजात जे वादाचं आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं, आणि विद्यार्थ्याला स्वतःचं हित ओळखून त्यासाठी काही करता आलं पाहिजे. पेठीकाकांच्या प्रचाराच्या मुद्द्याला उत्तर हे आहे. बाईंशी बोलताना तिसरा मुद्दा धरा. पट्टीमागच्या पाचांचं हित काय आणि ते काय करू शकतात, यावर एक तास मागा.

आणि मत का नाही हाही धडाच आहे. श्लेस्विग-होल्स्टाइन आणि हांबुर्गनं परदेशी लोकांना स्थानिक मत द्यायचं ठरवलं होतं, १९९० मध्ये घटना न्यायालयानं ते रद्द केलं. दोन वर्षांनी मास्ट्रिख्टसाठी घटनाच बदलली आणि युनियनवाल्यांना मत मिळालं. म्हणजे दार उघडता येत नाही असं नव्हतं, कोणासाठी उघडायचं हे ठरवलं गेलं.

बाकी कॉलेजची काळजी करू नका. आपल्या राज्यात युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे, पण ज्यानं आबिटुअर, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा, इथे दिली त्याला लागत नाही.

---

मिसळ_हॉलंडात, बुधवार दुपारी

नेकरकाठ यांनी माझं काम केलं, कार्डांचंच लिहिणार होते. लिफीकाठी, हो, पाच वर्षांनी देता येतं, मी दोनदा दिलंय.

एक राहिलं आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या यादीतले सगळे हक्क पासपोर्टवाल्यांचे नाहीत. युरोपियन संसदेकडे अर्ज करायचा हक्क, पेटिशन म्हणतात ती, युनियनमध्ये राहणाऱ्या कोणालाही आहे. युरोपियन ओम्बुड्समन म्हणजे त्यांचा लोकपाल, त्याच्याकडे तक्रारीचंही तेच. दहा लाख सह्यांचा जो नागरिकांचा प्रस्ताव असतो, किमान सात देशांतून गोळा करायचा, तिथे मात्र सही नागरिकाचीच लागते. तुमच्या बाईंनी यादी पुस्तकातून सरसकट वाचली असेल तर पेटिशनला मुलगा एक पाऊल पुढे यायला हवा होता. विचार त्याला, आला होता का?

---

रानजाई, पुढच्या शुक्रवारी रात्री

सगळ्यांचे आभार. बरंच घडलंय, सांगते.

विचारलं. पेटिशनला कोणीच हललं नव्हतं कारण तो शब्दच कोणाला कळला नाही, आंद्रेईसकट.

बाईंना भेटले. तयारीनं गेले होते, बॉयटेल्सबाख वगैरे, काही काढावं लागलं नाही. त्या स्वतःच म्हणाल्या की पाच मुलं मागे राहिली तेव्हा माझ्याच लक्षात आलं, पण खेळ मध्ये थांबवला असता तर ती पाच जणं आणखी उठून दिसली असती म्हणून पुढे रेटलं, आणि घरी जाऊन झोप लागली नाही. खरं सांगू, माझा राग तिथेच गेला.

मग परवा वर्गाची फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गची सहल, युरोपियन संसद बघायला. जाताना सीमेवरच्या आमच्या बाजूच्या केल गावापासून मुद्दाम ट्राम घेतली, ऱ्हाइन ओलांडते ती. बाई म्हणाल्या बघा, कुठे सीमा दिसली का? नाही दिसली. मुलांनी संसदेत खुर्च्या मोजल्या, ७२० आहेत का म्हणून, दोनशेच्या पुढे भांडण लागलं. येताना बस होती, पूल ओलांडला आणि पोलिसांनी बाजूला घेतली. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केलीय ना. पोलीस चांगले बोलले, दहा मिनिटांत सोडलं. सगळ्यांची ओळखपत्रं बघितली, सगळ्यांची, पहिल्या रांगेतल्यांचीही. आणि कार्ड घरी विसरलेला एकच निघाला, आंद्रेई. आमच्याकडे नवऱ्यानं पासपोर्ट, परवाना, दोन्हीच्या झेरॉक्स आणि शाळेचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं होतं. बाईंनी आंद्रेईसाठी समजावून सांगितलं, मिटलं.

आज तासाला बाईंनी तोच विषय घेतला, सकाळी नसलेली सीमा संध्याकाळी कुठून आली. मग पेटिशनबद्दल सांगितलं. पाच जण एक लिहिणार आहेत, आंद्रेई सहावा. विषय ठरलेला नाही, सीमेवरची तपासणी का रात्रीच्या ट्रेन यावर वाद चालू आहे. चोवीस अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत चालते म्हणे. आमच्या चिरंजीवांनी विचारलं मराठीत चालेल का, नाही चालणार. रोमानियन चालेल.

---

बारदेसकर, शुक्रवार रात्री

मग रोमानियनमध्ये लिहू दे आंद्रेईला, एकदा तरी त्याच्या चुका काढायला कोणी नसेल.

---

सदाशिव_पेठी, शनिवार सकाळी

रात्रीच्या ट्रेनवर लिहा म्हणावं. तपासणीवर लिहून काही होत नसतं. आणि नवऱ्याच्या त्या प्लास्टिकच्या पिशवीला माझा नमस्कार सांगा.